फुटपाथपासून परसापर्यंत : शंभर किलोंच्या सिरॅमिक चुलीचा शेवटचा टप्पा

सकाळी साडेदहाचा सुमार. घरासमोर ट्रक थांबतो, मागची यांत्रिक फळी खाली उतरते आणि लाकडी पॅलेटवर पट्ट्यांनी आवळलेले एक भलेमोठे खोके फुटपाथवर येऊन टेकते. चालक पडद्यावर सही घेतो, शुभेच्छा देतो आणि निघून जातो. खोक्यात बाराशे-पंधराशे पौंड मोजून घेतलेली सिरॅमिकची ग्रिल आहे. तिची जागा मागच्या बागेत आहे. मधे अरुंद बोळ, खडीची वाट आणि तीन पायऱ्या आहेत. घरात दोन माणसे, आणि त्यांपैकी एकाची अकरा वाजता ऑनलाइन बैठक आहे.

ब्रिटनमध्ये अशी ग्रिल विकत घेणाऱ्या अनेकांची खरी परीक्षा या क्षणी सुरू होते. कोळसा कोणता, तापमान किती, मांस किती वेळ मुरवावे, याचा विचार आधी झालेला असतो. फुटपाथपासून परसापर्यंतच्या तीस-चाळीस फुटांचा विचार मात्र बहुधा राहून जातो. वस्तू फुटण्याचा आणि माणसाची पाठ दुखावण्याचा सर्वांत मोठा धोका याच अंतरात असतो. म्हणूनच या टप्प्याची तयारी वस्तू आल्यावर नव्हे, तर पैसे भरण्यापूर्वी करावी लागते.

ही चूल इतकी जड का?

अंड्याच्या आकाराच्या या ग्रिलला ‘कामादो’ म्हणतात. हा मूळ जपानी शब्द असून त्याचा अर्थ चूल असाच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये राहिलेल्या अमेरिकी सैनिकांना तिथल्या झाकणाच्या मातीच्या चुली आवडल्या आणि त्यांनी त्या मायदेशी नेल्या. १९७४ साली अटलांटा येथे एड फिशर यांनी ‘बिग ग्रीन एग’ हा उद्योग सुरू केला. पुढे साध्या मातीची जागा अधिक टिकाऊ सिरॅमिकने घेतली आणि इतर कंपन्याही या क्षेत्रात उतरल्या.

मराठी वाचकाला यामागचे तत्त्व नवे नाही. रायगड जिल्ह्यात थंडीच्या दिवसांत पोपटी लावतात. भांबुर्डीच्या पाल्यात वालाच्या शेंगा रचून मडक्याचे तोंड बंद करतात आणि भोवती जाळ करतात. बंद मातीच्या भांड्यात पदार्थ स्वतःच्या ओलाव्यावर शिजतो. पोपटीत आग मडक्याच्या बाहेर असते, म्हणून मडके पातळ आणि हलके चालते. कामादोमध्ये आग पोटात असते. ती उष्णता धरून ठेवायची, तर भिंती जाड हव्यात. भिंती जाड असल्यामुळेच थोड्या कोळशावर तासन्‌तास एकसारखी आच मिळते आणि हवा कमी खेळत असल्याने पदार्थ कोरडा पडत नाही. म्हणजे वजन हा या वस्तूचा दोष नसून तिच्या गुणाचाच भाग आहे. तंदूरही असाच जाड मातीचा असतो; पण तो बहुधा जागेवरच बसवतात. कामादो मात्र तयार होऊन ट्रकने येते.

आकडे पाहिले म्हणजे कल्पना स्पष्ट होते. ‘बिग ग्रीन एग’च्या मोठ्या, म्हणजे ‘लार्ज’ आकाराचे वजन सुमारे ७३ किलो, तर त्याहून मोठ्या ‘एक्सएल’चे सुमारे ९९ किलो भरते. चाकांचा गाडा, कडेच्या फळ्या, जाळ्या आणि वेष्टन यांचे वजन वेगळे.

‘घरपोच’ म्हणजे नेमके कुठपर्यंत?

जड मालाच्या बाबतीत ब्रिटनमधील विक्रेते बहुधा ‘कर्बसाइड’ पोच देतात. याचा अर्थ माल रस्त्याच्या कडेला, ट्रक जिथे सुरक्षित उभा राहील त्याच्या सर्वांत जवळच्या जागी उतरवला जातो. फाटकाच्या आत, पायऱ्यांवर किंवा मागच्या बागेत नेणे हे चालकाचे काम नसते. त्याच्याजवळची पॅलेट ढकलण्याची गाडी लहान, टणक चाकांची असते. ती गुळगुळीत आणि सपाट जमिनीवर चालते. खडी, हिरवळ किंवा चढ लागला की अडते.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हा धक्का थोडा अधिक बसतो. तिकडे कपाट किंवा फ्रिज आला की दोन हमाल सोबत येतात, नाहीतर सोसायटीतली चार माणसे हात लावतात. ओझे वाहणे हा तिथे एक ओळख असलेला व्यवसाय आहे; त्याच्या संरक्षणासाठी राज्याने १९६९ साली माथाडी कायदा केला. ब्रिटनमध्येही सामान हलवणारी व्यावसायिक माणसे मिळतात, परंतु त्यांची मजुरी वस्तूच्या किमतीत धरलेली नसते. त्यामुळे खरेदी करतानाच विक्रेत्याला तीन प्रश्न लेखी विचारावेत : माल नेमका कुठे ठेवला जाईल, सोबत किती माणसे असतील आणि जादा पैसे भरून बागेपर्यंत पोच मिळेल काय. दोन माणसांच्या पोच सेवेचे दर ऐकून हात आखडता घेण्यापूर्वी पुढचे गणित पाहावे.

पाठीचे गणित

ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यकारी मंडळाने कामाच्या ठिकाणी ओझे उचलण्याबाबत काही मार्गदर्शक आकडे दिले आहेत. कमरेच्या उंचीवर, अंगाजवळ धरलेल्या ओझ्यासाठी ते पुरुषांना २५ किलो आणि स्त्रियांना १६ किलो असे आहेत. जमिनीलगत वाकून उचलायचे असेल, तर पुरुषांसाठीचा आकडा १० किलोंवर येतो. ही कायद्याने ठरवलेली कमाल मर्यादा नाही. याच्या पुढे गेल्यास धोका तपासून पाहावा, एवढाच तिचा अर्थ. घरच्या कामाला हे नियम लागू नसले, तरी पाठीचा कणा घर आणि कचेरी असा भेद करीत नाही.

माणसे वाढली म्हणजे क्षमता त्याच प्रमाणात वाढते, हाही गैरसमज आहे. याच मार्गदर्शनानुसार दोघांची एकत्र क्षमता त्यांच्या बेरजेच्या सुमारे दोन तृतीयांश आणि तिघांची सुमारे निम्मी धरावी. म्हणजे २५ किलोंचा आकडा धरला, तर दोघांचे सुमारे ३३ आणि तिघांचे सुमारे ३७ किलो होतात. पकड नीट मिळत नाही, पावले एकमेकांत अडकतात, एकाचा तोल गेला की सारा भार दुसऱ्यावर येतो. ७३ किलोंची गोल, गुळगुळीत वस्तू तीन मित्रांनी ‘एक, दोन, तीन’ म्हणत उचलणे हे या हिशेबाने दुप्पट धाडस ठरते. आणि त्या तिघांच्या पाठी आठवडाभर संगणकासमोर बसलेल्या असतात. निष्कर्ष सरळ आहे. ही वस्तू शक्यतो उचलायची नसते. ती हलकी करायची आणि चाकांवरून न्यायची असते.

वाट आधी मोजावी

खरेदीपूर्वी एका संध्याकाळी मोजपट्टी घेऊन फुटपाथपासून नियोजित जागेपर्यंत चालून पाहावे. बोळाची सर्वांत अरुंद जागा, फाटकाची मोकळी रुंदी, वळणे, पायऱ्यांची संख्या आणि उंची टिपून घ्यावी. रांगेतल्या जुन्या घरांना कित्येकदा कडेची वाट नसते. तिथे घरातून जावे लागते, म्हणून दरवाजे आणि जमिनीचा पृष्ठभागही पाहावा. गॅसच्या मीटरची पेटी, भिंतीवरचा नळ, सांडपाण्याचा पाइप या वस्तू ऐनवेळी वाट अडवतात.

दोन चाकांची उभी हातगाडी, जिला इथे ‘सॅक ट्रक’ म्हणतात, ती भाड्याने मिळते. हवेच्या मोठ्या चाकांची घ्यावी आणि तिची भारक्षमता वाचून घ्यावी. खडीवर किंवा हिरवळीवर जाड प्लायवुडचे दोन तक्ते पुढे-मागे टाकत जावे. चढ जितका सौम्य, तितका जोर कमी लागतो. शंभर किलोंचे ओझे बारास एक या चढावर ढकलायला, चाकांचे घर्षण वगळता, सुमारे आठ किलोंचा जोर पुरतो. चारास एक चढ असेल, तर तोच जोर पंचवीस किलोंच्या घरात जातो. म्हणजे बारा सेंटिमीटर उंचीच्या कडेसाठी जवळपास दीड मीटर लांबीची मजबूत फळी हवी. चढावर किंवा पायऱ्यांवर ओझ्याच्या खालच्या बाजूला कोणीही उभे राहू नये.

हलकी करून हलवावी

खोके फुटपाथवर उघडण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. मग ग्रिलच्या पोटातील कोळशाची पेटी, कडी, उष्णता अडवणाऱ्या तबकड्या आणि जाळ्या एकेक करून बाहेर काढाव्यात. हे सुटे भाग तपासण्याची जुनी युक्ती मराठी घरांना ठाऊक आहे. माठ विकत घेताना तो बोटाने वाजवून पाहतात. अखंड भांडे खणखणते, तडा गेलेले बद्द आवाज करते. सिरॅमिकलाही हीच कसोटी लागू पडते. झिलईवर दिसणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू मात्र बहुधा तडे नसतात. भाजलेल्या झिलईत ते येतातच.

सिरॅमिक दाब उत्तम सहन करते, पण ताण आणि आघात यांपुढे ते ठिसूळ असते. एका बिंदूवर बसलेला टोला त्याला पुरतो. म्हणून हातगाडी आणि ग्रिल यांच्यामध्ये जाड घोंगडी घालावी आणि झाकण बंद ठेवून पट्ट्याने सांभाळून बांधावे. कडेच्या फळ्या किंवा मूठ धरून ग्रिल कधीही उचलू नये. हात नेमका कुठे घालावा याबाबत वेगवेगळ्या कंपन्यांच्या सूचना वेगळ्या असतात, म्हणून सोबतची पुस्तिका आधी वाचावी. वजन कमी करण्यासाठी झाकण काढण्याचा मोह होतो. परंतु ते ताणलेल्या स्प्रिंगच्या बिजागरीवर तोललेले असते. झाकणाचा भार निघाला की स्प्रिंग जोराने उसळून हात किंवा चेहरा जायबंदी करू शकते. पुस्तिकेत दिलेल्या क्रमाशिवाय तिला हात लावू नये.

दुकानातून स्वतःच्या गाडीने आणायची असल्यास हेच नियम अधिक कडक होतात. गाडी सामान सुरक्षित बांधलेले असावे, ही वाहतुकीच्या संहितेची अपेक्षा आहे. शंभर किलोंची सैल वस्तू अचानक ब्रेक लागला की पुढच्या आसनांवर आदळते.

फुटली तर भरपाई कोणाची?

‘कंझ्युमर राइट्स ॲक्ट २०१५’ नुसार विक्रेत्याने पाठवलेला माल ग्राहकाच्या प्रत्यक्ष ताब्यात येईपर्यंत त्याची जोखीम विक्रेत्याची असते. वाहतूक कंपनीकडे बोट दाखवून त्याला सुटता येत नाही. ग्राहकाने स्वतः ठरवलेल्या वाहतूकदाराकडे माल सोपवला असेल, तर मात्र जोखीम तिथूनच ग्राहकाकडे येते. माल ताब्यात आल्यावर सदोष आढळल्यास तो नाकारून पूर्ण रक्कम परत मागण्यासाठी साधारणपणे ३० दिवस मिळतात. पडद्यावर सही केल्याने हा हक्क जात नाही. तरी खोके दबलेले दिसल्यास तशी नोंद करूनच सही करावी.

ऑनलाइन खरेदीत माल आवडला नाही म्हणूनही तो मिळाल्यापासून १४ दिवसांत करार रद्द करता येतो. येथे एक बारकावा आहे. टपालाने परत पाठवता न येणाऱ्या जड मालाचा परतीचा खर्च ग्राहकाने द्यायचा असेल, तर तो किती हे विक्रेत्याने आधी सांगितलेले असावे लागते. शंभर किलोंच्या पॅलेटचा तो खर्च लहान नसतो, म्हणून अटींतील ही ओळ वाचूनच मागणी नोंदवावी. शंभर पौंडांहून अधिक आणि तीस हजार पौंडांपर्यंत किमतीची वस्तू क्रेडिट कार्डाने घेतल्यास, १९७४ च्या ‘कंझ्युमर क्रेडिट ॲक्ट’च्या कलम ७५ नुसार, विक्रेत्याने करार मोडल्यास कार्ड कंपनीही जबाबदार ठरते.

या सर्व संरक्षणाला एक सीमा आहे, आणि ती फुटपाथवरच आखलेली आहे. ताबा घेतल्यानंतर बोळात हातगाडी कलंडली, तर तो तोटा ग्राहकाचा. कंपन्या सिरॅमिकवर दीर्घ मुदतीची हमी देतात, पण पडून फुटणे तीत सर्वसाधारणपणे बसत नाही. दोन माणसांच्या पोच सेवेचे जादा पैसे महाग वाटतात, ते ही रेषा लक्षात येईपर्यंतच.

जागी बसल्यावर

ग्रिल एकदा ठेवली की वर्षानुवर्षे हलत नाही, असे समजूनच जागा निवडावी. जमीन सपाट आणि टणक असावी. लाकडी मंचावर थेट न ठेवता उष्णता सोसणारा आधार आणि हवेसाठी मोकळी जागा द्यावी. पाऊस आला म्हणून पेटलेली किंवा धुमसणारी ग्रिल गॅरेजमध्ये, तंबूत किंवा घरात ओढू नये. कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो आणि तो जीव घेतो. धूरनियंत्रण क्षेत्रातही बागेत बार्बेक्यू करण्यास मनाई नाही; परंतु शेजाऱ्यांना धुराचा सतत उपद्रव झाला, तर स्थानिक परिषद १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली कारवाई करू शकते. कुंपणापासून चार पावले दूर आणि वाऱ्याची दिशा पाहून ठेवलेली चूल शेजार टिकवते.

अकराच्या बैठकीपूर्वी घाईघाईने उरकण्याचे हे काम नव्हे. सुटीचा दिवस, मोजलेली वाट, भाड्याची हातगाडी आणि हाताशी दोन माणसे एवढी तयारी असली, तर तासाभरात चूल जागेवर बसते. मदतीला आलेल्या शेजाऱ्यांना पहिल्या भाजणीचे आमंत्रण देण्यास मात्र विसरू नये. वांग्याचे भरीत त्या निखाऱ्यावर उत्तम होते.