बंद आज्ञावलीस बाहेरून माहिती कशी द्यावी?

जयपूरच्या गोपालपुरा बायपास रस्त्यावर स्पर्धापरीक्षांच्या शिकवणीवर्गांची दाटी आहे. समजा, तेथील एका शिक्षकाने चाचणीतील उत्तीर्णांची यादी करणारी आज्ञावली पायथन भाषेत लिहिली. कार्यालयातील संगणकावर पायथन नाही. म्हणून पायइन्स्टॉलरच्या साहाय्याने तिची एकच स्वयंपूर्ण फाईल बनविली. आता या बंद पेटीस दर वेळी नवी गुणपत्रिका व उत्तीर्णतेची नवी मर्यादा सांगावयाची कशी?

प्रश्न जुना आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत लुई पूझाँ यांनी १९६३-६४ च्या सुमारास ‘रनकॉम’ रचिले. फाईलीत लिहून ठेविलेल्या आज्ञा ते क्रमाने चालवी आणि मोकळ्या सोडलेल्या जागी आयत्या वेळी दिलेली मूल्ये भरी. तीच रीत आजही चालते.

शिक्षकाने आज्ञा-ओळीवर पुढीलप्रमाणे लिहावे:

निकाल "माघ चाचणी" ४०

आज्ञावलीस या ओळीचे तुकडे क्रमवार मिळतात. शून्य क्रमांकाच्या जागी तिचे स्वतःचे नाव, पुढे फाईलीचे नाव, त्यापुढे मर्यादा. पेटी बंद करताना पायथनचा दुभाष्या आतच बसविलेला असतो. त्यामुळे शून्याच्या जागी मूळ लेखाऐवजी पेटीचे नाव येते, बाकी क्रम तसाच राहतो. अवतरणचिन्हे मात्र विसरू नयेत. ती नसल्यास ‘माघ’ हेच फाईलीचे नाव ठरते आणि ‘चाचणी’ हा शब्द मर्यादेच्या जागी जाऊन बसतो. चिन्हावर दोनदा टिचकी मारून पेटी उघडल्यास तर काहीच पोहोचत नाही.

आणखी एक खोच आहे. एकाच फाईलीत बांधलेली अशी आज्ञावली चालताना एका तात्पुरत्या कप्प्यात उलगडते. ‘माझ्या शेजारची फाईल’ असे तिला सांगितले असेल, तर ती त्या कप्प्यात शोधीत बसते. ओळीवर दिलेला पत्ता मात्र, तो अपुरा असल्यास, आज्ञा देणारा ज्या कप्प्यात उभा असेल तेथून मोजला जातो.

खरा धोका त्या ‘४०’ मध्ये आहे. ओळीवरून येते ते अक्षर, संख्या नव्हे. गुणपत्रिकेतील गुणही अक्षररूपानेच वाचले असतील, तर तुलना कोशातील शब्दांप्रमाणे पहिल्या अक्षरापासून होते. मग ९ गुणांचा विद्यार्थी उत्तीर्ण होतो, १०० गुणांचा नापास. आणि संगणक चकार शब्द काढीत नाही. यास्तव दोन्ही मूल्ये प्रथम संख्येत रूपांतरित करावी लागतात. तसे केल्यास ‘चाचणी’ हा शब्द मर्यादेच्या जागी आला तरी आज्ञावली तेथेच थांबते, आणि चुकीची यादी फलकावर लागत नाही.