कार्बनच्या जिन्यातली पायरी

आपल्या शरीरातलं पाणी वगळलं, तर उरलेल्या वजनात सगळ्यात मोठा वाटा कार्बनचा. हा कार्बन ताऱ्यांच्या पोटात शिजला, हे आता शाळेतली मुलंही सांगतात. पण तो शिजला कसा? हिशेब मांडायला बसलं की वाटतं, हे होणं शक्यच नव्हतं!

म्हातारपणाकडे झुकलेल्या ताऱ्याच्या गाभ्यात हायड्रोजन संपून हेलियम साठलेला असतो. तापमान १० कोटी अंशांच्या घरात. हेलियमच्या केंद्रकात दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन, कार्बनच्या केंद्रकात सहा आणि सहा. म्हणजे तीन हेलियम जुळले की झाला कार्बन. पण तिन्ही केंद्रकं अगदी एकाच क्षणी एकमेकांवर आदळणार कशी? आधी दोन जुळावीत, मग तिसरं यावं, हाच काय तो मार्ग. आणि घोडं नेमकं इथेच अडतं. दोन हेलियम जुळून जे बेरिलियम-८ बनतं, ते टिकतच नाही. एका सेकंदाचे १०० कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा १ कोटी भाग करा. बेरिलियमला सरासरी जेमतेम तेवढंच आयुष्य मिळतं!

तरीही भौतिकशास्त्रज्ञ एडविन सॅल्पीटर यांनी १९५२ साली दाखवून दिलं की काम अगदीच हातचं गेलेलं नाही. बेरिलियम मोडत असतं तसं नव्यानं जुळतही असतं, त्यामुळे साधारण १०० कोटी हेलियमांमागे एखादं बेरिलियम कोणत्याही क्षणी हजर असतं. त्याच्यावर तिसरं हेलियम आदळलं की कार्बन. पण या वाटेनं कार्बन बनणार तो फारच थोडा, आणि बनला की आणखी एक हेलियम गिळून त्याचा ऑक्सिजन होणार. मग विश्वात एवढा कार्बन आला कुठून?

हा प्रश्न फ्रेड हॉयल यांना स्वस्थ बसू देईना. हॉयल म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. त्यांनी प्रश्न उलटा करून पाहिला. कार्बन तर आहेच, मग तो असण्यासाठी केंद्रक कसं असायला हवं?

केंद्रकाला कोणतीही ऊर्जा चालत नाही, त्याच्या पातळ्या ठरलेल्या असतात, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. येणाऱ्या कणांची ऊर्जा एखाद्या पायरीच्या उंचीशी जुळली, तर पाय टेकतो आणि विलीनीकरण झपाट्यानं होतं. तीन हेलियमांची एकत्र ऊर्जा कार्बनच्या तळापासून ७.२७ एमईव्ही उंचीवर असते (एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट). ताऱ्यातल्या उष्णतेनं त्यात थोडी भर पडते. तेव्हा कार्बनला ७.७ च्या आसपास एक पायरी असलीच पाहिजे, असं हॉयल म्हणाले. ही पायरी तेव्हा कुणाच्याही खात्रीच्या नोंदीत नव्हती!

१९५३ साली कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये वॉर्ड व्हेलिंग आणि त्यांचे सहकारी कामाला लागले. त्यांनी नायट्रोजनवर ड्यूटेरॉनचा, म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांच्या जोडीचा, मारा केला. त्यातून कार्बन तयार होतो आणि एक हेलियम केंद्रक बाहेर फेकलं जातं. ते कमी ऊर्जा घेऊन निघालं, तर उरलेली ऊर्जा कार्बनकडे राहिली, म्हणजे कार्बन वरच्या पायरीवर उभा आहे. मोजमाप आलं ७.६८. आजचा आकडा ७.६५ आहे. ताऱ्यांकडे पाहून एका माणसानं केंद्रकाच्या आतली गोष्ट सांगितली आणि ती खरी निघाली. विज्ञानातली इतकी धीट भाकितं मला फारशी ठाऊक नाहीत.

पायरीवर चढलेल्या दहा हजारांपैकी जेमतेम चार-सहा केंद्रकंच खाली उतरून कार्बन म्हणून स्थिरावतात, बाकीची पुन्हा तीन हेलियमांत फुटतात. आणि कार्बन बनला की सगळाच ऑक्सिजन का होत नाही? कार्बन आणि हेलियम मिळून ऑक्सिजनच्या तळापासून ७.१६ एमईव्ही उंचीवर येतात, तर ऑक्सिजनची पायरी आहे ७.१२ वर. जराशी खाली! पाय टेकत नाही, आणि कार्बन वाचतो.

पायरी सापडली, पण ती तिथे का आहे? सहा प्रोटॉन, सहा न्यूट्रॉन आणि त्यांच्यातली बलं एवढंच हातात घेऊन ती गणितानं काढता येईल का? सिद्धान्तकारांना अनेक दशकं ते जमलं नाही. रूढ पद्धतींत प्रत्येक कण आपापल्या कक्षेत फिरतो असं धरून हिशेब सुरू होतो, आणि ही पायरी, म्हणजेच कार्बनची ‘हॉयल अवस्था’, त्यात मावतच नाही.

२०११ साली एपेलबाउम, क्रेब्स, ली आणि माइसनर यांनी वेगळा रस्ता धरला. अवकाशाची त्रिमितीय जाळी कल्पिली, दोन बिंदूंमध्ये सुमारे २ फेम्टोमीटर अंतर, म्हणजे प्रोटॉनच्या व्यासाहून थोडंच जास्त. बारा कण या जाळीवर सोडले आणि जर्मनीतल्या यूलिशच्या महासंगणकावर गणित चालवलं. बारा कण वेगळे केल्यावर मिळणाऱ्या पातळीपासून हॉयल अवस्था ८४.५ एमईव्ही खाली आहे, असं प्रयोग सांगतात. गणितानं दिलं ८५, फार तर ३ इकडे किंवा तिकडे. पुढच्या वर्षी आकारही हाती आला. स्थिर कार्बनमध्ये तीन हेलियम-पुंजके दाटीवाटीनं त्रिकोण करून बसतात, तर हॉयल अवस्थेत ते ऐसपैस पसरून विशालकोन त्रिकोण करतात. हे पुंजके कुणी गणितात घातले नव्हते, ते बारा कणांतून आपोआप उमटले!

२०१३ साली याच गटानं विचारलं, प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्या हलक्या क्वार्कांचे बनतात, त्यांचं वस्तुमान थोडं निराळं असतं तर? उत्तर आलं की २-३ टक्के फरकापर्यंत ताऱ्यांत पुरेसा कार्बन आणि ऑक्सिजन बनत राहिला असता. गंमत अशी की हेलियम, बेरिलियम आणि हॉयल अवस्था यांच्या ऊर्जा सुट्या सुट्या हलत नाहीत, त्या एकमेकींच्या सोबतीनं सरकतात, कारण मुळात सगळी पुंजक्यांचीच बांधणी. ती पायरी जिन्यात कुणी नंतर ठोकलेली फळी नाही. हॉयल यांच्या भाकितानंतर कार्बनविषयी याहून मोलाचं काही कळलं असेल, असं मला वाटत नाही.