परमुलखातली मुले आपल्या दाराशी

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी भाची पुण्यात कॉलेजात शिकते. दिवाळीच्या सुट्टीत ती बारामतीला आमच्याकडे आली, ती मोबाइलवर एक जाहिरात घेऊनच. परदेशातल्या एका छोट्या वस्तीत चार आठवडे राहा, तिथल्या मुलांना इंग्रजी शिकवा, त्यांच्याशी खेळा, असे त्यात लिहिले होते. प्रवासाचा आणि राहण्या-जेवण्याचा खर्च मात्र आपणच करायचा. "खाला, जाऊ का?" तिने विचारले. मी म्हटले, "जरूर जा. पण त्याआधी आठ दिवस संध्याकाळी माझ्याबरोबर चल. परमुलखातली मुले इथेही आली आहेत."

बारामती-इंदापूरच्या वाचकांना हे सांगायला नको. नीरा डाव्या कालव्याने आणि उजनीच्या पाण्याने हा भाग उसाचा केला. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी, नीरा-भीमा असे एकाहून एक कारखाने इथे उभे राहिले. दसरा-दिवाळी झाली की बीड, अहिल्यानगर, जळगाव अशा जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांचे तांडे येतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि ती फेडायला पाच महिने राबायचे असते. ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या आणि त्यांच्याबरोबर मुलेही येतात. बांबू, पाचट आणि ताडपत्रीची कोपी उभी राहते. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत तेच घर.

पहाटे तीन-चारला आई-बाप फडात जातात. एक दिवस खाडा झाला तर मजुरी बुडते. मागे कोपीवर थांबतात ती मुले. नऊ-दहा वर्षांची मुलगी पाणी भरते, भाकरी करते आणि धाकट्याला कडेवर घेऊन दिवस काढते. गावच्या शाळेच्या पटावर तिचे नाव असते, इथे मात्र ती कुणाच्याच पटावर नसते.

इथे एक कबुली द्यायला हवी. भाची येण्याच्या आदल्या वर्षी आमच्या घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी मिळून अशाच एका अड्ड्यावर जुने स्वेटर, चादरी आणि बिस्किटे वाटली होती. फोटो काढले, ते नातेवाइकांना पाठवले, सगळ्यांनी 'माशाअल्लाह' म्हटले. निघताना एका पोराने विचारले, "बाई, परत कधी येणार?" मी म्हटले, "पुढच्या रविवारी, इन्शाअल्लाह." पुढच्या रविवारी घरात लग्न होते, त्यानंतर राहूनच गेले. इन्शाअल्लाह हा शब्द मी त्या दिवशी निरोप घेण्यापुरता वापरला, याची लाज मला आजही वाटते.

म्हणूनच त्या जाहिरातीने मी अस्वस्थ झाले. परदेशात असे प्रकार फार मोठ्या प्रमाणावर घडले आहेत. कंबोडिया आणि नेपाळमध्ये हौशी स्वयंसेवक पैसे मोजून अनाथाश्रमांत जाऊ लागले, तेव्हा त्यांच्यासाठी अनाथाश्रम वाढले. आई किंवा वडील हयात असलेली मुलेही गरिबीमुळे तिथे आणून ठेवली गेली. दर महिन्याला नवा ताई-दादा यायचा, जीव लावायचा आणि निघून जायचा. 2017 साली ऑस्ट्रेलियाच्या संसदेच्या एका समितीने आधुनिक गुलामगिरीवर अहवाल दिला, त्यात या प्रश्नाचाही विचार केला गेला. स्वयंसेवकांची नियत वाईट नव्हती. पण मुलांना काय हवे, हे कुणी विचारले नव्हते.

याउलट उदाहरण आपल्याकडेच आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली जामखेडला आरोग्याचे काम सुरू केले. गावातल्या साध्या, कितीतरी वेळा निरक्षर असलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केले. तिथे जगभरातून डॉक्टर आणि विद्यार्थी येत राहिले, ते मुख्यतः शिकायला आणि तेही त्या बायकांकडून.

भाची पहिल्या संध्याकाळी माझ्याबरोबर आली, तेव्हा तिच्या पिशवीत इंग्रजीची चित्रांची कार्डे होती. मुले जमली, हसली, खेळली. एक मुलगी मात्र लांबूनच बघत राहिली. वय दहा, कडेवर वर्षाचा भाऊ. "ये ना," म्हटले तर म्हणाली, "ह्यो रडतो." ती बसली की तो रडायचा, आणि तो रडला की ती उठायची. दोन दिवस हेच चालले. तिसऱ्या दिवशी भाचीने कार्डे बाजूला ठेवली आणि त्या बाळाला उचलून घेतले. मुलगी पहिल्यांदा दोन्ही हात मोकळे घेऊन पाटीपुढे बसली. गावी ती तिसरीत होती, पण जोडाक्षर आले की अडत होती.

त्या दिवसापासून आमच्या वर्गात दोन कामे ठरली. एकाने शिकवायचे आणि एकाने बाळे सांभाळायची. दुसरे काम जास्त दमवणारे आणि, खरे सांगायचे तर, जास्त गरजेचे होते. भाचीने आठ दिवसांऐवजी सगळी सुट्टी इथे घालवली. कॉलेज सुरू झाल्यावर ती शनिवार-रविवारी एसटीने येत राहिली. बाकीचे दिवस आम्ही चार घरांनी वाटून घेतले. रमजान आला तेव्हा वर्ग असरनंतर लगेच घेऊ लागलो, म्हणजे इफ्तारला घरी पोहोचता येई.

पण संध्याकाळचा वर्ग म्हणजे शाळा नव्हे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत, वयाला योग्य अशा वर्गात प्रवेशाचा हक्क दिला आहे. दाखला यायला उशीर झाला किंवा जन्माचा पुरावा नसला, म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी आपल्या राज्यात 'शिक्षण हमी पत्रक' आहे. गावच्या शाळेने ते द्यायचे आणि इथल्या शाळेने ते पाहून मुलाला बसवून घ्यायचे. आमच्या अड्ड्यावर एकाही घराला हे पत्रक ठाऊक नव्हते. आम्ही मुलांची यादी केली, आई-बापांना विचारले आणि जवळच्या जिल्हा परिषद शाळेत गेलो. तिथल्या बाईंनी मुलांना लगेच बसवून घेतले. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी अंगणवाडीच्या सेविकेला भेटलो. तेव्हा कुठे त्या मुलीचा दिवस थोडा मोकळा झाला.

असे काम आम्हीच करतो असे नाही. पूर्वी कारखान्यांवर साखरशाळा भरत. सोमेश्वर कारखान्याच्या परिसरात 'कोपीवरची शाळा' नावाने ऊसतोड्यांच्या मुलांसाठी काम झाले आहे. मुले गावीच राहून शिकावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची सोय आहे, आणि 2021 साली सरकारने संत भगवानबाबा वसतिगृह योजनाही आणली. योजना आहेत, पण फडातून अंधार पडल्यावर परतणाऱ्या माणसापर्यंत त्या पोहोचवायला कुणीतरी चालत जावे लागते.

जकातीच्या आठ हक्कदारांत मुसाफिर आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. फिकहचा प्रश्न आलिमांना विचारावा. मी एवढेच म्हणते की मुसाफिराचे मूलही मुसाफिरच असते. कोपीवर वंजारी, बंजारा, दलित, मुसलमान सगळेच असतात. तिथे जात-धर्म विचारायचा नाही आणि आपला सांगायचाही नाही.

कुणा घराला हे करावेसे वाटले, तर अनुभवाने कळलेल्या चार गोष्टी सांगते. आधी मुकादमाशी नव्हे, आयांशी बोला. नेहमी दोघे मोठे मिळून जा आणि कुठल्याही मुलाला एकटे बाजूला नेऊ नका. फोटो काढू नका. आठवड्यातला एकच दिवस जमत असेल तर एकच ठरवा, पण पट्टा पडेपर्यंत तो चुकवू नका.

त्या वर्षी पट्टा पडला तेव्हा आम्हाला आदल्या रात्री कळले. सकाळी अड्डा रिकामा होता. शाळेच्या बाईंनी मुलांचे कागद आधीच हाती दिले होते, एवढेच समाधान.

पुढच्या हंगामात तेच आई-बाप परत आले. धाकटा आता पायाने चालत होता. मी मुलीला शोधत होते. तिची आई म्हणाली, "ती आजीपाशी राह्यली, बाई. साळा बुडंल म्हणून न्हाई आणलं." गावच्या शाळेत हंगामी वसतिगृह सुरू झाले होते. त्या संध्याकाळी पाटीपुढची तिची जागा रिकामी होती आणि मी मनोमन अल्हम्दुलिल्लाह म्हटले.

भाचीने परदेशी जायचा विचार सोडलेला नाही. पण आता जाहिरात आली की ती त्या लोकांना पहिला प्रश्न हाच विचारते, "तुमच्याकडे बाळे कोण सांभाळते?" अजून कुणाचे नीट उत्तर आलेले नाही. दसऱ्यानंतर ट्रॅक्टर पुन्हा येतील. आमच्या चार घरांत शुक्रवारची संध्याकाळ अजून कुणी घेतलेली नाही.