‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे नेमके किती?

पेण आणि रोहा यांच्यात सरळ रेषेत अंतर जेमतेम 33 किलोमीटर. जिल्हा एकच, त्यामुळे हवामान खात्याचा पिवळा किंवा नारिंगी इशाराही दोघांना एकच. पाऊस मात्र जिल्ह्याची हद्द पाहून पडत नाही. पेण खाडीजवळचे, खारजमिनींचे आणि गणपतीच्या कारखान्यांचे गाव. तिथे ओल्या मूर्तीला दोन तासांचे ऊन मिळेल का, हा प्रश्न. रोह्याची नजर कुंडलिकेवर. तिचे पाणी चढायला रोह्यात पाऊस पडावाच लागतो असे नाही, वर सह्याद्रीत कोसळला तरी पुरते. शिवाय मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून याच नदीत उतरते.

पाऊस कधी, किती हे आधी कळण्याची गरज पूर्वी पंचांग भागवत असे. मृगाचे वाहन बेडूक की गाढव, यावर पेरणीची गणिते व्हायची. भारतीय हवामान खाते 1875 साली स्थापन झाले. त्याआधी 1864 च्या चक्रीवादळाने कलकत्ता उद्ध्वस्त केले होते आणि 1866 व 1871 साली मोसमी पावसाने दगा दिला होता. आता तेच खाते खिशात आले आहे. 2019 साली आलेले ‘मेघदूत’ हे ॲप शेतकऱ्याला दर मंगळवारी आणि शुक्रवारी मराठीत पीकसल्ला देते. (सरकारी कामाला इतके सुंदर नाव क्वचितच मिळते.) जानेवारी 2024 मध्ये आलेले ‘मौसमग्राम’ थेट ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचते: पहिले 36 तास तासातासाचा अंदाज, पुढे पाच दिवसांपर्यंत तीन-तीन तासांचा, मग दहाव्या दिवसापर्यंत सहा-सहा तासांचा.

या साध्या अंदाजांमागची यंत्रणा अचाट आहे. पुण्याच्या पाषाणमधील उष्णदेशीय हवामान संस्थेतला ‘अर्क’ हा महासंगणक एका सेकंदात करतो ती आकडेमोड म्हणजे कोटीला कोटीने गुणून येणाऱ्या संख्येच्या सुमारे 118 पट! त्याच्या बळावर मे 2025 मध्ये ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सुरू झाली. आधीच्या प्रारूपात पृथ्वीचे 12 किलोमीटरचे चौकोन होते, आता ते 6 किलोमीटरचे झाले. म्हणजे पेण ते रोहा या सरळ रेषेत पूर्वी तीनेक चौकोन मावत, आता पाच-सहा मावतात.

खरी गंमत मात्र भाषेत आहे. ‘तुरळक ठिकाणी’ हे शब्द आपण मोघम समजतो, पण खात्यासाठी ते गणित आहे. अंदाजाच्या विभागातील 25 टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस, तर ‘तुरळक’, 26 ते 50 टक्के म्हणजे ‘काही ठिकाणी’, 51 ते 75 म्हणजे ‘बऱ्याच’, त्यापुढे ‘बहुतांश’. ‘मुसळधार’लाही माप आहे: 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर. 204.4 पर्यंत ‘अतिमुसळधार’, त्याहून जास्त म्हणजे ‘अत्यंत मुसळधार’. तेव्हा ‘कोकणात तुरळक ठिकाणी मुसळधार’ असे वाचूनही पेणच्या अंगणात कोरडे ऊन पडले, तर अंदाज चुकला असे म्हणता येत नाही. माझ्या मते लोकांचा निम्मा राग या एका शब्दावरचाच आहे. खात्याने तो आकडा कंसात छापावा.

तोवर मूर्ती उन्हात काढायची असेल किंवा कापलेले भात शेतात पसरायचे असेल, तर जिल्ह्याचा रंग न पाहता आपल्या ग्रामपंचायतीचा तासवार अंदाज उघडा. इशारा लाल असेल तेव्हा मात्र तालुका शोधत बसू नका. नदीकाठ आणि डोंगरउतार सोडा.