विश्लेषण : अर्थशास्त्राचे शिक्षक व्हायचे आहे? मग फक्त बीए-बीएड पुरेसे का नाही?

बारावीचा निकाल लागला की कोल्हापुरातील महाविद्यालयांत प्रवेशाची गर्दी सुरू होते. कला शाखेकडे वळणाऱ्या अनेकांचे गणित साधे असते : आवडीचा विषय घेऊन बीए, मग बीएड आणि शिक्षकाची नोकरी. मात्र विषय अर्थशास्त्र असेल तर या गणितात एक पायरी राहून जाते. पाच वर्षे गेल्यावर ती लक्षात आली, तर आणखी दोन वर्षे आणि त्यांचा खर्च वाढतो.

नेमकी अडचण काय?

राज्य मंडळाच्या शाळांत दहावीपर्यंत अर्थशास्त्र हा स्वतंत्र विषय नाही. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझीलची तुलना करताना अर्थव्यवस्थेचा धडा येतो. अर्थशास्त्राचे वेगळे पुस्तक आणि वेगळा तास सुरू होतो तो अकरावीत. तेथे शिकवण्यासाठी त्या विषयातील एमए किमान द्वितीय श्रेणीत आणि सोबत बीएड लागते. म्हणजे बीए-बीएड झालेला उमेदवार माध्यमिक शाळेत सामाजिक शास्त्रे शिकवू शकतो, पण कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवू शकत नाही.

मग एकूण किती वर्षे लागतात?

बीएची तीन, एमएची दोन आणि बीएडची दोन अशी सात वर्षे. बीएड पूर्वी एका वर्षाचे होते. २०१५ पासून ते दोन वर्षांचे झाले. प्रवेशासाठी पदवीला सर्वसाधारण प्रवर्गात ५० टक्के गुण आणि राज्य सीईटी कक्षाची परीक्षा आवश्यक असते.

चार वर्षांचा पर्याय आहे का?

आहे. बारावीनंतर थेट चार वर्षांत बीए आणि बीएड देणारा एकात्मिक अभ्यासक्रम, म्हणजेच ‘आयटेप’, २०२३-२४ मध्ये देशातील ५७ संस्थांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला. पुढे दोन वर्षांचे एमए धरले तरी एक वर्ष वाचते. मात्र प्रवेश घेण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात : संस्थेला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची (एनसीटीई) मान्यता आहे का आणि मुख्य विषय म्हणून अर्थशास्त्र मिळते का.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची ऑनर्स पदवीही घेता येते. अशा पदवीधरांसाठी एका वर्षाच्या बीएडची तरतूद एनसीटीईने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलेल्या मसुद्यात होती. पण मसुदा म्हणजे नियम नव्हे. प्रवेशाच्या वेळी जो नियम लागू असेल, तोच पाहून निर्णय घ्यावा.

बीएडवर प्राथमिक शिक्षक होता येते का?

पहिली ते पाचवीसाठी नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी हा मुद्दा निकाली काढला. त्या वर्गांसाठी डीएलएड लागते.

टीईटी आणि टेट एकच का?

नाही, आणि इथेच अनेकांचा गोंधळ होतो. टीईटी ही पात्रता परीक्षा आहे. तिचा पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी, तर दुसरा सहावी ते आठवीसाठी असतो. १५० पैकी ९० गुण मिळाले की खुल्या प्रवर्गातील उमेदवार पात्र ठरतो. टेट ही अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी २०० गुणांची असून तिच्या गुणांवर ‘पवित्र’ पोर्टलवरून शिक्षक भरती होते. पहिली पात्रता ठरवते, दुसरी भरतीतील क्रम.

वरिष्ठ महाविद्यालयात शिकवायचे असेल तर?

तेथे बीएडची गरज नाही. एमएला ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट लागते. त्यामुळे ज्यांचे ध्येय प्राध्यापक होण्याचे आहे, त्यांनी बीएडची दोन वर्षे घालवण्याआधी विचार करावा.

कोल्हापुरात सोय काय?

अर्थशास्त्रातील बीए राजाराम, विवेकानंद यांसारख्या महाविद्यालयांत करता येते. बीएडसाठी महाराणी ताराबाई शासकीय शिक्षणशास्त्र महाविद्यालय आहे. शिवाजी विद्यापीठात अर्थशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. शिवाय दूरशिक्षणातूनही एमए करण्याची सोय असल्याने बीएड होऊन शाळेत लागलेल्यांनाही पुढची पायरी चढता येते.

प्रवेश अर्ज भरण्याआधी काय ठरवावे?

आपल्याला कोणत्या वर्गासमोर उभे राहायचे आहे, हे आधी ठरवावे. आठवी-दहावीचा वर्ग हवा असेल तर अर्थशास्त्रासोबत इतिहास किंवा भूगोल हा दुय्यम विषय घेतलेला बरा, कारण शाळेत शिकवायचे तेच आहे. अकरावी-बारावी हवी असेल तर एमएचा खर्च आणि वेळ आजच हिशेबात धरावा. अर्थशास्त्रात पहिल्याच वर्षी ‘संधी खर्च’ शिकवतात : एक पर्याय निवडताना सोडून द्यावा लागलेल्या दुसऱ्या पर्यायाची किंमत. हा धडा प्रवेश अर्ज भरण्याआधीच गिरवलेला बरा.