एकच मीठ, निरनिराळा रक्तदाब

ताट वाढताना आपल्याकडे पहिला मान मिठाचा. कांजूरमार्गकरांचे तर मिठाशी शेजाराचे नाते; पूर्वेला ठाणे खाडीलगत भांडुप-मुलुंडपर्यंत मिठागरे पसरलेली होती. तरीही दवाखान्यात सर्वाधिक गैरसमज आढळतात ते मिठाविषयीच.

मध्यंतरी पंच्याहत्तरीचे एक आजोबा सुनेसह आले. रक्तदाब १७०/८०. सून म्हणाली, "डॉक्टर, साधं मीठ आमच्याकडे बंदच आहे. बाबांना सैंधव देते. आता लो सोडियम मीठही आणलंय." आजोबांनी विचारले, "तरुणपणी लोणचं नि सुके बोंबील रोज खाल्ले, तेव्हा कुठे काय झालं?"

प्रश्न रास्त होता. मिठातील सोडियम शरीरात पाणी धरून ठेवते आणि जादा सोडियम लघवीवाटे बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडे करतात. वय, मधुमेह किंवा जुना रक्तदाब यांमुळे त्यांची क्षमता घटली, की तेवढेच मीठ बाहेर टाकण्यास अधिक दाब लागतो. हीच मीठ-संवेदनशीलता. ती सर्वांत सारखी नसते. काहींत ती आनुवंशिकही असते.

मग उतारवयात रक्तदाब वाढणे अटळच का? १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या 'इंटरसॉल्ट' पाहणीत ३२ देशांतील १० हजारांहून अधिक लोक तपासले गेले. ब्राझीलच्या अरण्यातील यानोमामी लोकांच्या आहारात मीठ जवळजवळ नव्हतेच. त्यांचा रक्तदाब वयाबरोबर वाढत नसल्याचे दिसले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा, कमी मीठ खावे. घरचा हिशेब सोपा आहे : चौघांच्या घरात महिन्याला एक किलोचा पुडा संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ८ ग्रॅम मीठ लागते. पापड, फरसाण, पाव आणि खारी यांतले वेगळेच.

सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. त्याने रक्तदाबाला सवलत मिळत नाही. लो सोडियम मिठात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेले असते. मूत्रपिंडे निरोगी असतील तर ते उपयोगी. पण ती दुर्बळ असल्यास, किंवा रक्तदाबाची काही औषधे चालू असल्यास, रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आजोबांचे क्रिएटिनिन वाढलेले निघाले. ते मीठ त्याच दिवशी बंद केले.

तथापि मीठ एकदम वर्ज्य करू नये, गोळ्याही मनाने सोडू नयेत. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांत सोडियम फार उतरल्यास भ्रम होतो, तोल जातो. मीठ हळूहळू कमी करावे, लिंबू, जिरे, लसूण यांनी चव राखावी. काही आठवड्यांत जीभ रुळते. आणि मिठाचा नवा पुडा आणण्यापूर्वी घरातील ज्येष्ठांचे क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासून डॉक्टरांना जरूर विचारावे.