पक्षाघाताच्या उपचारांची परीक्षा

मेंदूला रक्त पुरवणारी एखादी रोहिणी गुठळीने बंद पडली किंवा फुटली की मेंदूच्या त्या भागाचे काम बघता बघता थांबते. तोंड वाकडे होते, एका बाजूचा हात-पाय लुळा पडतो, जीभ जड होते. डॉक्टर याला पक्षाघात किंवा स्ट्रोक म्हणतात, गावाकडे ‘लकवा मारला’ किंवा ‘अंगावरून वारं गेलं’ असे बोलले जाते. गुठळी असो की रक्तस्राव, लक्षणे बरेचदा सारखीच दिसतात; उपचार मात्र एकमेकांच्या अगदी उलट. मुंबईत २००५-०६ साली डॉ. पी. एम. दलाल यांच्या पुढाकाराने एका वॉर्डातल्या रुग्णांची नोंद ठेवली गेली, तेव्हा सुमारे ८० टक्के झटके गुठळीमुळे आल्याचे आढळले. उरलेल्यांपैकी बहुतेकांना रक्तस्राव झाला होता. त्यांना गुठळी विरघळवणारे औषध दिले असते तर ते जिवावरच बेतले असते.

हा फरक जिवंत माणसात खात्रीने ओळखता येऊ लागला तो सीटी स्कॅन आल्यावर. १९७१ च्या ऑक्टोबरात लंडनच्या अॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाचा मेंदू टिपला. सीटीत ताजे रक्त लगेच पांढरे दिसते, पण गुठळीमुळे झालेली इजा पहिल्या काही तासांत पुष्कळदा दिसतच नाही. त्यामुळे अर्धांग लुळे पडलेल्या माणसाचा सीटी ‘नॉर्मल’ आला की नातेवाईक गोंधळतात. डॉक्टरला मात्र त्यातून हवे ते उत्तर मिळालेले असते: रक्तस्राव नाही, औषध देता येईल.

ते औषध खरोखर उपयोगी पडते का, हे ठरवायला पक्षाघाताची तीव्रता मोजावी लागते. त्यासाठी जगभर एकच तपासणी वापरतात. रुग्णाला महिना आणि वय विचारतात, डोळे मिटायला आणि मूठ आवळायला सांगतात. मग एकेक हात समोर धरायला लावून दहापर्यंत मोजतात, एकेक पाय उचलायला लावून पाचपर्यंत. हात खाली घसरला तर एक गुण, मुळीच हलला नाही तर चार. सगळ्या गुणांची बेरीज शून्य ते ४२ यांच्या दरम्यान येते. शेवटचा निकाल मात्र तीन महिन्यांनी लागतो, तोही वेगळ्या मोजपट्टीवर. ही मोजपट्टी मूळ ग्लासगोच्या जॉन रँकिन यांची, १९५७ सालची. पुढे तिच्यात सुधारणा झाल्या. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, दोन म्हणजे थोडे अपंगत्व असले तरी स्वतःचे सगळे स्वतः करता येते, चार म्हणजे आधाराशिवाय चालता येत नाही, पाच म्हणजे अंथरुणाला खिळलेला आणि सहा म्हणजे मृत्यू. घरच्या माणसांना जे जाणून घ्यायचे असते, तेच ही पट्टी विचारते.

१९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीने या क्षेत्राची दिशा बदलली. लक्षणे सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत आलेले ६२४ रुग्ण तिच्यात होते. कोणाला अल्टेप्लेज हे औषध आणि कोणाला नुसते दिसायला तसेच द्रव, हे चिठ्ठी काढावी तसे निव्वळ योगायोगावर ठरत होते. रुग्णालाही माहीत नाही आणि उपचार करणाऱ्यालाही नाही. चोवीस तासांनंतर दोन्ही गटांत म्हणावा तसा फरक दिसला नाही. संशोधकांनी तिथेच हिशेब मिटवला असता, तर औषध बाद झाले असते. तीन महिन्यांनी मात्र चित्र पालटले. चाचणीच्या दुसऱ्या भागात जवळजवळ पूर्ण बरे झालेल्यांचे प्रमाण औषधाच्या गटात ३९ टक्के होते, दुसऱ्या गटात २६. याची किंमतही मोजावी लागली: मेंदूत लक्षणे दिसण्याइतका रक्तस्राव औषध घेतलेल्यांपैकी ६.४ टक्के रुग्णांना झाला, इतरांत तो ०.६ टक्के होता. तरीही मृत्यू वाढले नाहीत. पुढच्याच वर्षी अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली आणि २००८ मध्ये युरोपातल्या चाचणीने मुदत साडेचार तासांपर्यंत नेली.

अॅस्पिरिनची गोष्ट निराळी. त्याचा फायदा इतका बारीक आहे की तो दिसायला प्रचंड गर्दी लागली. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत मिळून सुमारे ४० हजार रुग्ण होते, त्यांतली एक चीनमधली. हजार रुग्णांमागे सुमारे नऊ जण मृत्यूपासून किंवा दुसऱ्या झटक्यापासून वाचले. आकडा लहान वाटतो, पण गोळी काही पैशांची आणि कुठेही मिळणारी.

मेंदूच्या मोठ्या रोहिणीत अडकलेली जाड गुठळी औषधाने सहसा विरघळत नाही. ती जांघेतून नळी घालून ओढून काढायची कल्पना जुनी. २०१३ मध्ये मात्र एकापाठोपाठ तीन चाचण्यांनी यात फायदा नसल्याचा निकाल दिला. दोष बराचसा चाचण्यांच्या आखणीत होता. उपकरणे जुनी होती आणि रोहिणी खरोखर बंद आहे का, हे आधी न पाहताच कित्येकांना चाचणीत घेतले गेले होते. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या १६ केंद्रांनी ५०० रुग्णांवर तेच नव्या जाळीदार उपकरणांनी आणि रोहिणीचे चित्र आधी घेऊन करून पाहिले. स्वतःच्या पायावर उभे राहू शकणाऱ्यांचे प्रमाण १९ वरून ३३ टक्क्यांवर गेले. त्याच वर्षी आणखी चार चाचण्यांचे निकाल असेच आले. बरोबर कल्पना चुकीच्या चाचणीमुळे कशी बाद ठरू शकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण वैद्यकात क्वचित सापडते.

तीन वर्षांनी ‘डॉन’ नावाच्या चाचणीने घड्याळाचा हिशेबच बदलला. एकाच रोहिणीत गुठळी असलेल्या दोन माणसांपैकी एकाचा मेंदू तासाभरात मरतो. दुसऱ्याला आडवाटेच्या रक्तवाहिन्या कितीतरी तास तगवून धरतात. म्हणून या चाचणीने, लक्षणे गंभीर पण मेलेला भाग लहान, असे रुग्ण सहा ते चोवीस तासांनंतर निवडले. गुठळी काढलेल्यांत ४९ टक्के स्वावलंबी झाले, इतरांत १३ टक्के. झोपेतून उठतानाच लकवा मारलेल्या माणसाला ‘वेळ गेली’ म्हणून परत पाठवण्याचे कारण त्यानंतर उरले नाही.

अर्थात या सगळ्यासाठी रुग्ण दवाखान्यात पोहोचायला हवा. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी ८६ गावांतल्या मृत्यूंचा माग घेतला. दोन वर्षांच्या १,५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताने झाले होते. दुसऱ्या कोणत्याही एका कारणाने इतके लोक गेले नव्हते. यांतले बहुतेक जण घरीच वारले. सीटीच्या यंत्रापासून कैक मैल दूर असलेल्या माणसाला २०१५ च्या क्रांतीचा काय उपयोग, असा प्रश्न त्या आकड्यांतून उभा राहतो. टेनेक्टेप्लेज या नव्या औषधाचे महत्त्व इथेच. अल्टेप्लेजचा थोडा डोस एकदम देऊन उरलेला तासभर सलाइनसारखा चालू ठेवावा लागतो, हे मात्र एकाच इंजेक्शनने काही सेकंदांत देऊन होते आणि रुग्णाला लगेच मोठ्या रुग्णालयाकडे हलवता येते. ते पुण्यातही तयार होते. १,६०० रुग्णांच्या कॅनडातल्या चाचणीत २०२२ मध्ये ते जुन्या औषधापेक्षा कमी पडले नाही.

पुनर्वसनाचे संशोधन अधिक अवघड. व्यायामाची नक्कल करणारी खोटी गोळी नसते, रुग्णाला आपण काय करतो ते कळतेच. मग निदान तीन-सहा महिन्यांनी तपासायला येणारा माणूस तरी रुग्ण कोणत्या गटात होता याबद्दल अनभिज्ञ ठेवतात. या मार्गाने मिळालेली उत्तरे कधी कधी सगळ्यांच्या समजुतीविरुद्ध गेली. रुग्णाला जितके लवकर उठवावे तितके बरे, असे वाटत होते. २०१५ मध्ये २,१०४ रुग्णांच्या ‘अॅव्हर्ट’ चाचणीत पहिल्या चोवीस तासांत वारंवार आणि जास्त वेळ उठवलेल्यांपैकी ४६ टक्के चांगले सुधारले, नेहमीच्या काळजीतले ५० टक्के. याचा अर्थ रुग्णाला पडून राहू द्यावे असा नव्हे, कारण नेहमीच्या गटातलेही बरेच जण पहिल्या दिवशीच उठले होते. थोडा थोडा वेळ पण अनेकदा उठवणे बरे, इतकेच पुढच्या विश्लेषणातून दिसले.

फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळीनेही अशीच आशा लावली होती. फ्रान्समधल्या ११८ रुग्णांत हात-पायांची हालचाल सुधारली, म्हणून ब्रिटनने ३,१२७ जणांना सहा महिने ती देऊन पाहिली. स्वावलंबनात फरक पडला नाही, हाडे मोडण्याचे प्रमाण मात्र वाढले. उलट, चांगल्या हातावर जाड मोजा चढवून दुबळ्या हाताला दोन आठवडे कामाला लावायची पद्धत २००६ च्या अमेरिकी चाचणीत टिकली आणि तिचा फायदा वर्षानंतरही दिसला. मनगट आणि बोटे थोडी तरी उचलता येणाऱ्यांनाच ती लागू पडते, ही तिची मर्यादा.

भारतात फिजिओथेरपिस्ट मोजके, घरात माणसे मात्र असतात. म्हणून १४ रुग्णालयांतल्या १,२५० रुग्णांच्या ‘अटेंड’ चाचणीत घरच्यांनाच व्यायाम शिकवून रुग्णाला घरी पाठवले गेले. कल्पना इतकी पटणारी होती की निकाल अनेकांना पचला नाही: सहा महिन्यांनी दोन्ही गटांत ४७ टक्के रुग्ण दगावलेले किंवा परावलंबी होते. दुसरा झटका टाळण्यासाठी देशातल्या ३१ केंद्रांनी रुग्णांना मोबाइलवर संदेश आणि व्हिडिओ पाठवले, सोबत माहितीची पुस्तिकाही दिली. ती चाचणीही फायदा दिसण्याची शक्यता उरली नाही म्हणून मुदतीआधी थांबली. संदेश मिळालेल्यांत गोळ्या नियमित घेण्याचे आणि दारू सोडण्याचे प्रमाण थोडे अधिक होते. पण दोन्ही गटांतल्या रुग्णांकडे चाचणीमुळे आधीच बारकाईने लक्ष होते, आणि नवे झटके, हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू मिळून प्रमाण दोन्हीकडे पाच टक्क्यांच्या आसपासच राहिले.